पावतीशिवाय कपात नको



उसाची गाडी काट्यावर लागली की आपण काय करतो? ड्रायव्हरच्या आधी आपणच काट्याच्या खिडकीपाशी जाऊन उभे राहतो. भरल्या गाडीचं वजन बघतो, गाडी रिकामी होऊन परत आली की पुन्हा बघतो. वजाबाकी तोंडी करतो, पावती घडी घालून वरच्या खिशात ठेवतो आणि घरी गेल्यावर ती देवाच्या फळीवर किंवा पेटीत जाते. चार किलोचा फरक वाटला तरी गटातल्या चिटबॉयला रस्त्यात अडवून विचारतो. हे योग्यच आहे. आपला घाम तिथे तोलला जातो.

पण हाच सभासद भांडारात खत घ्यायला येतो तेव्हा त्याचा थाट वेगळा असतो. "टाका हो माझ्या नावावर," असं लांबूनच सांगून तो पोती ट्रॉलीत भरायला लागतो. कारकून पावती फाडतो, ती टेबलावरच राहते, पंख्याच्या वाऱ्याने खाली पडते आणि संध्याकाळी झाडूबरोबर जाते. काट्यावर पैसे आपल्याकडे येणार असतात आणि भांडारात ते आपल्याकडून जाणार असतात, एवढाच काय तो फरक. शेवटी दोन्हींचा हिशेब एकाच कागदावर येतो, तो म्हणजे आपले ऊस बिल. वरच्या ओळीत येणे आणि खालच्या ओळीत कपात. वरच्या ओळीला जपणारा माणूस खालच्या ओळीला इतका बेफिकीर कसा, याचे आम्हाला नेहमी नवल वाटते.

हे आज लिहिण्याचे कारण असे. भांडारातले बिलाचे यंत्र सरकारच्या ई-इन्व्हॉइस पोर्टलला जोडण्याचा विषय आपल्याकडे निघाला आहे. गटाच्या बैठकीत काही सभासदांनी विचारले, "साहेब, हे आणि काय नवीन काढलंय? आमचा त्याच्याशी संबंध काय?" प्रश्न रास्त आहे. आम्ही शेतीची पदविका घेतलेली माणसं, संगणकाची नव्हे. तरीही बेणे, खत, औषध यांच्या चिठ्ठ्या आमच्याच सहीने भांडारात जातात आणि कपातीच्या तक्रारी आमच्याच टेबलावर येतात. म्हणून या विषयात आमचे मत स्पष्टपणे मांडणे आम्ही आमचे काम समजतो.

आधी एक घडलेली गोष्ट सांगतो

नदीकाठच्या एका गटातले वयस्कर सभासद ऊस बिल घेऊन आमच्याकडे आले. कागद टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "सायेब, म्या सा पोती न्हेली. हितं धा कशी?" आम्ही म्हटलं, "आबा, बसा. बघू." बघायला बसलो ते दुपार झाली. खताच्या सरकारी यंत्रात आबांच्या अंगठ्यावर सहा पोती निघालेली. भांडाराच्या संगणकात सहाचे एक बिल. आणि उधारीच्या वहीत मात्र दहा! शेवटी उलगडा झाला तो असा, की उरलेली चार पोती आबांच्या पुतण्याने नंतर येऊन नेली होती आणि "काकांच्या नावावर टाका" म्हणून सांगितले होते. कारकुनाने गर्दीत वहीत टाकली. पुतण्याला वाटलं काकांना माहीत आहे, काकांना काहीच माहीत नाही.

यात चोर कोणीच नव्हता. पण त्या चार पोत्यांपायी भावकीत बोलणं बंद झालं, आणि आबा जाताना म्हणाले ते आम्हाला अजून टोचतं: "कारखाना आपला म्हणून आमी कागद बघत नव्हतो. आता बघाय लागंल." चूक चार पोत्यांची होती. आणि गेला तो दोन पिढ्यांचा विश्वास.

एकाच मालाची तीन ठिकाणी नोंद आणि तिन्ही ठिकाणी तीन हातांनी, हे या दुखण्याचे मूळ आहे. यंत्र जोडणीचा विषय आम्ही या मुळापासून बघतो.

ई-इन्व्हॉइस म्हणजे नेमके काय?

१ जुलै २०१७ पासून देशात जीएसटी आला. त्यानंतर १ ऑक्टोबर २०२० पासून ज्यांची वर्षाची उलाढाल ५०० कोटींच्या वर आहे अशांना ई-इन्व्हॉइस सक्तीचे झाले. मग ही मर्यादा पायरी पायरीने खाली आली. १०० कोटी, ५० कोटी, २० कोटी, १० कोटी असे करत १ ऑगस्ट २०२३ पासून ती ५ कोटींवर आली.

पुष्कळांचा समज असा की ई-इन्व्हॉइस म्हणजे सरकारच्या संगणकावर जाऊन बिल करायचे. तसे नाही. बिल आपण आपल्याच यंत्रावर करायचे. त्या बिलाचा तपशील ठरलेल्या नमुन्यात नोंदणी पोर्टलकडे पाठवायचा. पोर्टल तो तपासते आणि त्या बिलाला ६४ अक्षरांचा एक क्रमांक देते. त्याला आयआरएन म्हणतात. सोबत सही केलेला क्यूआर कोड येतो, तो बिलावर छापायचा. विकणाऱ्याचा जीएसटी नंबर, बिलाचा प्रकार, बिलाचा नंबर आणि आर्थिक वर्ष यावरून हा क्रमांक तयार होतो. म्हणून एकच बिल दुसऱ्यांदा पाठवले तर पोर्टल ते परत लावते. जन्माच्या दाखल्यासारखेच आहे म्हणा. मूल घरी जन्मते, पण नोंद ग्रामपंचायतीत होते आणि एका मुलाचे दोन दाखले निघत नाहीत.

काउंटरवर मोबाईलने पैसे भरण्यासाठी चिकटवलेला क्यूआर कोड वेगळा आणि हा वेगळा, हेही ध्यानात ठेवावे. तो पैसे घेतो, हा बिल खरे आहे एवढे सांगतो.

हा नियम एका नोंदणीकृत व्यापाऱ्याने दुसऱ्या नोंदणीकृत व्यापाऱ्याला केलेल्या विक्रीला आणि निर्यातीला आहे. किरकोळ गिऱ्हाइकाला नाही. आपण ऊस उत्पादक. शेतीचा माल पिकवून विकणाऱ्या शेतकऱ्याला जीएसटीची नोंदणी घ्यावी लागत नाही आणि ताज्या उसावर कर नाही. त्यामुळे सभासदाने भांडारातून औषधाची बाटली किंवा सवलतीची साखर नेली तर त्या बिलाला आयआरएन लागत नाही.

"मग भांडार जोडायचं कशाला?"

इथेच खरी मेख आहे. काही मंडळी म्हणतात, भांडार एवढंसं, त्याची उलाढाल ती किती, पाच कोटींचा नियम त्याला कुठला लागायला? पण उलाढाल दुकानावर मोजत नाहीत, पॅन नंबरवर मोजतात. भांडार जर कारखान्याच्याच पॅनवर चालत असेल तर साखर, मळी, इथेनॉल यांच्या उलाढालीत भांडाराचीही उलाढाल धरली जाते. २०१७-१८ पासून पुढच्या कोणत्याही एका वर्षात ती मर्यादेच्या वर गेलेली असली की नियम लागू. थोरल्याच्या घरातलं धाकटं पोरही थोरल्याच्याच रेशनकार्डावर असतं, तसा हा प्रकार.

आणि भांडारातले सगळेच गिऱ्हाईक काही सभासद नसतात. एखादी विकास सोसायटी आपल्या गावच्या डेपोसाठी खत उचलते, तिला जीएसटी नंबर असतो. वाहतूक ठेकेदार टायर आणि ऑइल नेतो, त्याच्याकडेही नंबर असू शकतो. ठिबकचे काम घेणारा दुकानदार पाइप नेतो. ही विक्री एकाच काउंटरवरून, एकाच रांगेतून होते, पण नियम वेगळा. सोसायटीला दिलेल्या बिलावर आयआरएन नसेल तर कायद्याने ते बिलच धरले जात नाही. मग सोसायटीला भरलेल्या कराची वजावट मिळायला अडचण येते. सोसायटीचा तो खर्च शेवटी कोणाच्या पोत्यावर चढतो? आपल्याच. सोसायटीचा सभासद आणि कारखान्याचा सभासद हा बहुतेक ठिकाणी एकच माणूस आहे.

पंपाचे उदाहरण घ्या. पेट्रोल आणि डिझेल अजून जीएसटीच्या बाहेर आहे, त्यावर व्हॅट आहे. पण त्याच पंपावरच्या ऑइलच्या डब्यावर जीएसटी आहे. बियाण्यावर कर शून्य, रासायनिक खतावर ५ टक्के, रासायनिक कीटकनाशकावर १८ टक्के. एकाच छपराखाली एवढे प्रकार. कारकुनाने हे सगळे डोक्यात ठेवावे आणि मृगाच्या गर्दीत चुकू नये, ही अपेक्षाच चुकीची आहे. हे काम यंत्राचे आहे.

म्हणून काउंटरवर बिल करतानाच पहिला प्रश्न हवा: "जीएसटी नंबर आहे का?" असेल तर बिल पोर्टलला जाईल, नसेल तर साधे बिल निघेल. चार दिवसांनी येऊन "आमचा नंबर घालून द्या" म्हटले तर ते होत नाही. नोंदवलेले बिल पोर्टलवर रद्द करायला फक्त २४ तास असतात. त्यानंतर क्रेडिट नोट काढून सरळ करावे लागते. शिवाय १० कोटी किंवा त्यावर उलाढाल असणाऱ्यांना १ एप्रिल २०२५ पासून बिलाच्या तारखेपासून ३० दिवसांच्या आत नोंद करावीच लागते. एकतिसाव्या दिवशी पोर्टल बिल घेत नाही. पूर्वीसारखे महिनाअखेर वह्या घेऊन बसणे आता चालणार नाही.

खताच्या यंत्राची गोष्ट वेगळी

भांडारात अंगठा लावायचे जे यंत्र आहे ते खत अनुदानाचे. २०१८ पासून देशभर अशी पद्धत आहे की दुकानातून शेतकऱ्याच्या आधारवर खत विकले गेले, यंत्रात नोंद झाली, तरच कंपनीला अनुदान मिळते. युरियाची ४५ किलोची पिशवी आपल्याला २६६ रुपये ५० पैशांना मिळते ती या अनुदानामुळे. यंत्रातला साठा आणि गोदामातला साठा जुळला पाहिजे. नाही जुळला तर तपासणीत परवान्यावर गदा येते.

हे सरकारी यंत्र आपल्या मनाने आपल्या संगणकाला जोडता येत नाही. पण त्यातून जी पावती निघते तिचा क्रमांक आपल्या बिलावर लिहिता येतो, यंत्रात टाकता येतो. एवढी एक ओळ टाकली असती तर आबांची दुपार वाचली असती. सहा पोत्यांचा अंगठा आणि दहा पोत्यांची उधारी, हा फरक त्याच क्षणी डोळ्यात भरला असता.

आमचे म्हणणे काय आहे?

आमचे म्हणणे एका वाक्यात असे: यंत्र सरकारला जोडता, तर ते सभासदालाही जोडा.

हिशेब खात्याच्या दृष्टीने पोर्टलला बिल गेले, आयआरएन आला, काम झाले. पण आमच्या मते ती अर्धीच जोडणी झाली. जी नोंद एका बाजूने सरकारकडे जाते तीच नोंद, तोच आकडा, तोच बिल नंबर दुसऱ्या बाजूने सभासदाच्या ऊस खात्यावर गेला पाहिजे. मध्ये वही नको, मध्ये दुसरा हात नको. सरकारला दिलेला आकडा खरा आणि सभासदाच्या वहीतला आकडा अंदाजाचा, असे आपल्या सहकारात कसे चालेल? सरकारच्या नियमाच्या धाकाने जर आपण बिल चोख करणार असू, तर ज्याच्या शेअरवर हा कारखाना उभा राहिला त्याच्यासाठी ते आधी चोख केले पाहिजे.

म्हणून आम्ही तीन गोष्टी सुचवतो.

पहिली गोष्ट, ऊस बिलातल्या प्रत्येक कपातीपुढे भांडाराच्या बिलाचा नंबर आणि तारीख छापावी. नुसते "खत कपात" असे लिहून भागणार नाही. यंत्रातून निघालेला बिल नंबर नसेल तर ती कपात त्या पंधरवड्यात करू नये. आधी बिल शोधावे, मग कपात करावी. पैसे बुडतील ही भीती नको. ऊस आपल्याच कारखान्याला येतो, पुढच्या बिलात ती करता येते. पण चुकीची कपात झाली की ती परत मिळायला सभासदाला किती चपला झिजवाव्या लागतात ते आम्ही रोज पाहतो.

दुसरी गोष्ट, करांचे दर एकाच ठिकाणी बदलावेत आणि तिथून सर्व काउंटरला जावेत. याचे महत्त्व २२ सप्टेंबर २०२५ ला सर्वांना कळले असेल. त्या दिवसापासून ठिबक आणि तुषार संच, सूक्ष्म अन्नद्रव्ये, ठराविक जैविक कीटकनाशके आणि ट्रॅक्टर यांवरचा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. हिशेब करून पाहा. कर सोडून ६०,००० रुपयांचा ठिबक संच घेतला तर जुन्या दराने कर ७,२०० रुपये आणि नव्या दराने ३,००० रुपये. फरक ४,२०० रुपयांचा. एखाद्या गावच्या शाखेतल्या यंत्रात जुना दर तसाच राहिला तर ते ४,२०० रुपये सभासदाच्या खिशातून जातात आणि त्याला त्याचा पत्ताही लागत नाही. उसाच्या भाषेत सांगायचं तर २०२५-२६ च्या हंगामाला १०.२५ टक्के उताऱ्यावर एफआरपी टनाला ३,५५० रुपये आहे. म्हणजे जवळजवळ सव्वा टन ऊस फुकट गेला म्हणा की! तोडणी वाहतूक वजा जाता हिशेब आणखी कडू होतो.

तिसरी गोष्ट, सभासदाच्या मोबाईलवर भांडाराच्या प्रत्येक खरेदीचा मराठीत संदेश जावा. काट्याचे वजन जसे कळवता येते तसेच हे. पुतण्याने चार पोती नेली तर काकांना त्याच मिनिटाला कळेल. भांडण व्हायचं तर ते त्याच दिवशी घरात होईल आणि मिटेल. सहा महिन्यांनी ऊस बिलावर होणार नाही.

अडचणी आहेत, त्या झाकून ठेवू नयेत

नेट जाते. वीज जाते. गावच्या शाखेत दुपारी रेंज नसते. मग रांगेतल्या माणसाला काय सांगायचे? याचा नियम आधीच भिंतीवर लावून ठेवावा. सभासदाचे साधे बिल नेट नसतानाही निघाले पाहिजे, त्याला पोर्टलची गरज नाही. सोसायटीचे बिल मात्र आयआरएन येईपर्यंत थांबेल, हे सोसायटीच्या सचिवांनाही आधी सांगून ठेवावे. "नेट नाही, नंतर या" असे सरसकट सांगून सभासदाला पाच मैल परत पाठवणे हा नियम नव्हे, आळस आहे.

अंगठ्याचीही अडचण खरी आहे. कोयता आणि खोरे धरून ज्याची बोटे घासली त्याचा ठसा यंत्राला दिसत नाही. ज्याने आयुष्यभर कष्ट केले त्यालाच यंत्र ओळखत नाही, ही मोठी चमत्कारिक गोष्ट आहे. अशा सभासदांना ओशाळे वाटेल असे काउंटरवर कोणी वागू नये. बोट पुसून, दुसरे बोट लावून, शांतपणे प्रयत्न करावा. "द्या पोती, अंगठा उद्या" असे करणे मात्र दयाळूपणाचे दिसले तरी साठा बिघडवणारे आहे. तो उद्या पुष्कळदा येत नाही.

खर्चाचाही प्रश्न आहे. जोडणीचे मार्ग एकापेक्षा जास्त आहेत. दिवसाला पाच-सात सोसायटी बिले असतील तर सरकारच्या फुकट साधनातून फाइल चढवूनही काम भागते. बिले जास्त असतील तर जीएसटी सुविधा पुरवणाऱ्या संस्थेमार्फत यंत्र जोडता येते. मोठ्या उलाढालीला थेट जोडणीही आहे. आमचे मत असे की आधी सोसायटी बिले किती निघतात ते मोजावे आणि मगच पैसे खर्चावेत. दुकानदार दाखवेल ते सगळं घेऊ नये. बैल घेताना दात बघतो तसे इथेही बघावे. मराठीत बिल छापते का? नेट गेल्यावर चालते का? ऊस खात्याला जोडते का? ही तीन उत्तरे "हो" असतील तरच पुढे जावे. चाचणीसाठी वेगळे पोर्टल असते, तिथे खोटी बिले घालून हात बसवता येतो. ही चाचणी हंगाम संपल्यावर वैशाखात घ्यावी. मृगात किंवा आडसालीच्या लावणीच्या गर्दीत ती घेतली तर बिलाचीही लावणी होईल आणि सभासदाचीही!

आणि कारकुनांविषयी दोन शब्द. वही बंद होणार म्हटल्यावर त्यांना धास्ती वाटते. वीस वीस वर्षे ज्यांनी वहीवर हिशेब सांभाळला त्यांना यंत्र शिकवायला महिना लागला तर लागू द्या. वहीवाल्याला गावातला प्रत्येक सभासद नावानिशी माहीत असतो, ते ज्ञान यंत्रात नाही. यंत्र आणि माणूस दोन्ही हवीत.

आता सभासदांनाही चार शब्द

सर्व दोष कार्यालयाचा, असे म्हणून आपण सुटत नाही. "बिल नको, दहा रुपये कमी करा" असे म्हणणारे आपल्यातच आहेत. बाहेरच्या दुकानातून बिनपावतीचे औषध आणायचे आणि फवारणी वाया गेली की आमच्याकडे यायचे. आम्ही विचारतो, "बाटलीची पावती?" तर मान खाली. पावती नाही म्हणजे तक्रार नाही. खत नियंत्रण आदेश १९८५ चा. त्यात विक्रेत्याने पावती देणे बंधनकारक आहे. म्हणजे पावती हा आपला हक्क जुनाच आहे, आपणच तो मागत नव्हतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली राष्ट्रीय बीज निगमच्या खटल्यात निकाल दिला की सदोष बियाण्याबद्दल शेतकरी ग्राहक न्यायालयात दाद मागू शकतो, तो ग्राहकच आहे. पण तिथे दाद मागायची तर हातात काय लागते? पावती, आणि तिच्यावर लॉट नंबर.

पाडेगावच्या संशोधन केंद्रावरून किंवा मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमधून बेणे आणतो तेव्हा आपण कोणत्या जातीचे, कोणत्या प्लॉटचे, हे चार वेळा विचारतो. को ८६०३२ म्हणून दुसरेच काही आले तर बारा-अठरा महिने फुकट. मग खता-औषधाच्या बाबतीत हीच चौकशी का नको?

तसेच आपला अंगठा दुसऱ्यासाठी लावू नये. शेजाऱ्याला खत हवे म्हणून आपल्या आधारवर काढून देणे ही शेजारधर्माची गोष्ट वाटते, पण यंत्रात ते आपल्याच नावावर राहते. आणि घरातल्या कोणाला आपल्या खात्यावर माल उचलू द्यायचा असेल तर तसे लेखी गट ऑफिसला द्यावे. "आधी लिहावं, मग द्यावं" हे आपले वाडवडील सांगत आले. त्यांच्याकडे ना संगणक होता ना पोर्टल, पण शहाणपण होतं.

जगात काय चाललंय तेही बघू. इटलीत २०१९ पासून व्यापाऱ्या-व्यापाऱ्यांतलीच नव्हे तर गिऱ्हाइकाची बिलेही ई-इन्व्हॉइसने होऊ लागली. आपल्याकडेही ९ सप्टेंबर २०२४ च्या जीएसटी कौन्सिलच्या बैठकीत किरकोळ विक्रीलाही ई-इन्व्हॉइस ऐच्छिक स्वरूपात, काही क्षेत्रांत आणि काही राज्यांत करून पाहण्याची शिफारस झाली. म्हणजे आज जे सोसायटीच्या बिलाला आहे ते उद्या आपल्या पोत्याच्या बिलालाही येऊ शकते. पाणी बांधापर्यंत आल्यावर दारे धरायला धावण्यापेक्षा आधीच पाट साफ करून ठेवलेला बरा.

सातारा-सांगलीच्या मातीत सहकार रुजला तो वाळव्यात, कराडात, कृष्णाकाठच्या गावागावांत माणसांनी एकमेकांवर विश्वास टाकला म्हणून. वसंतदादा पाटील, यशवंतराव मोहिते यांच्यासारख्यांनी गावोगाव फिरून शेअर गोळा केले. त्या काळी माणसाचा शब्द हीच पावती होती, असे जुनी माणसं सांगतात. ते खरेही असेल. पण तेव्हा सभासद थोडे होते आणि सगळे एकमेकांना ओळखत होते. आज सभासदांची तिसरी पिढी आहे. निम्मी पोरं पुण्या-मुंबईला आहेत आणि शेती वाटेकऱ्याकडे आहे. आज विश्वास टिकवायचा तर तो कागदावर दिसला पाहिजे.

कायद्याने उसाचे पैसे १४ दिवसांत द्यावे लागतात आणि उशीर झाला तर त्यावर वर्षाला १५ टक्के व्याज आहे. येण्याच्या ओळीला कायद्याचे संरक्षण आहे. कपातीच्या ओळीला संरक्षण आपणच द्यायचे आहे, आणि ते एका बिल नंबराने देता येते. संचालक मंडळाने यंत्र जोडणीचा ठराव करताना "बिल नंबराशिवाय कपात नाही" ही एक ओळ त्यात घालावी, अशी आमची नम्र सूचना आहे. सभासदांनी पुढच्या गट बैठकीत हा विषय काढावा. आणि तोपर्यंत निदान एवढे करावे: भांडारातून निघताना पोत्यांबरोबर टेबलावरची पावतीही उचलावी. काट्याच्या पावतीशेजारी, त्याच पेटीत ती ठेवावी.

आबा आता तसेच करतात. पुतण्याही करतो. परवा दोघे एकाच गाडीवरून भांडारात आले होते.

— ऊस विकास अधिकारी, शेती विभाग